दाजींची पहाडी शाल

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारडोलीला होतो. शोकसभेत एक व्यापारी म्हणाला, त्यांचं पहाडांवर फार प्रेम होतं... मी मान खाली घातली, पण रडू लपवायला नव्हे. माझ्या बहिणीच्या या नवऱ्याला पर्वत ठाऊक होता तो सुरतेतल्या पर्वत पाटिया नावाच्या बाजारभागाचा, जिथं त्यांचा साड्या छापायचा धंदा होता. दुसरा, खरा पर्वत त्यांनी एकदाच पाहिला, हिमाचलातल्या किन्नौरमध्ये. ताई आणि मी सोबत होतो.

तिथं देवळात शिरताना डोक्यावर टोपी घालावी लागते. दाजींनी ती घालून फोटो काढून घेतले आणि बाहेर येताच "नाटक छे बधुं", सगळं नाटक आहे, म्हणत पुजाऱ्याकडे भिरकावली. उतरलो होतो एका विधवा आजींच्या घरी. त्यांनी कुट्टूच्या पिठाच्या पोळ्या केल्या. ताईनं आणखी मागून घेतल्या. दाजी आजींसमोर सुरतचे खाखरे चावत बसले. दुपारी आजी मागावर शाल विणत होत्या. "माजी, एक शाल में कितना टाइम?" दाजींनी विचारलं. "पूरी सर्दी निकल जाती है," आजी हसून म्हणाल्या. "आपल्याकडं तेवढ्यात ट्रक भरतात," दाजी आम्हाला म्हणाले आणि काठाचे फोटो घेत सुटले. पाहुण्यांना आवडली असं वाटून आजींनी जुनी शाल आणली, दोन्ही हात पसरून उन्हात धरली. ही नक्षी सासूनं शिकवली, म्हणाल्या...

दिवाळीपर्यंत तीच नक्षी पॉलिएस्टरवर छापून आली. पाकिटावर 'अस्सल पहाडी हातमाग'. माल गेला त्याच पहाडांतल्या बाजारांत. दाजी हे जेवताना कौतुकानं सांगायचे. ताई एकदा म्हणाली, "त्या बाईच्या हातची आता कोण घेणार?" "तिला म्हणावं, आमचीच घे, स्वस्त पडते," दाजी म्हणाले आणि भात कालवू लागले. इतका कोता माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अंत्ययात्रेत व्यापाऱ्यांनी मानानं त्यांच्या अंगावर त्यांनीच छापलेली शाल घातली. स्मशानातल्या माणसानं ती बोटांनी चाचपली. "प्लास्टिक है, निकाल दो, चिपक जाएगी." कुणीतरी ती ओढून काढून माझ्या हातात दिली, आणि मी ताईच्या घरी आणून खुंटीला अडकवली.

परवा ताईकडे गेलो तर ती तीच शाल पांघरून बसली होती. मी काही बोलण्याआधीच म्हणाली, "ऊब नाही हिच्यात, ठाऊक आहे मला. तू बस, चहा टाकते."

मी बसलो.