काळी पिल्लं आन् माझा हट्ट

मी शाळेत एकदाच गेलो, वादळात तिचे पत्रे उडाले तवा बघायला. म्हनूनच, साहेबानं सशाची जोडी माझ्या हवाली केली तवा बायको साहेबाच्या अकलेवर हसली.

दोन हजार सालाच्या आगंमागंची गोष्ट. कोरेगाव भीमाजवळच्या एका कंपनीत हा साहेब व्हता आन् मी त्याच्या बंगल्यावर बागकामाला. जगला तो गुलाब माझा, मेला तो देवाचा, असा माझा हिशोब. साहेबाकडं बाहेरदेशचे ससे व्हते, नर आन् मादी. चांदीची राख फासल्यावानी अंग. बदली झाली तवा साहेब म्हनला, "ही जात तिच्या मुलखातबी संपत आलीय. कोन पाळत न्हाई. तू वाढव. एकबी कापायचा न्हाई."

"बिनघोर जावा, साहेब," मी म्हनलं. खरा बिनघोर मीच व्हतो, कारन मला त्यातलं काय ठावंच नव्हतं.

टेम्पोत पिंजरं घालून मी मांडवगण फराट्याला घरी आनली. शेजारी आप्पा ऱ्हायचे. त्यांच्याकडं काळे ससे, मटनासाठी पाळलेले. आप्पा माझी जोडी बघून म्हनले, "रंग चांगला हाय. पातेल्यात समदे सारखेच दिसत्यात."

मादी पहिल्यांदा व्याली. पोटाचं केस उपटून तिनं खोक्यात गादी केली आन् त्यात पिल्लं झाकली. बायको म्हनली, "बाळंतीन हाय, पाचवी पूजाय पायजे." मलाबी पटलं. माझ्या पोरांची पूजली, मग हिनं काय घोडं मारलं? गल्लीतल्या समद्या बाया आल्या. हळदकुंकू, उदबत्ती, आन् बघायला ही रेटारेटी. मादी बिथरली आन् खोक्यात थयथय नाचली. बाया गेल्यावर केस बाजूला केलं, तर एकबी पिल्लू जित्तं न्हाई. काळीनिळी पडलेली. मला वाटलं, तुडवल्यानं.

आप्पा म्हनले, "पाचवीलाच बारावं उरकलं की रं."

पुन्यांदा जोडी लावली. उन्हाळा आला. मी पिंजऱ्याला वलं बारदान बांधत व्हतो, पन एका दुपारी बारदान वाळलं आन् मी झाडाखाली घोरत पडलो. उठलो तर नर उन्हानं मेलेला. आता मादी तेवढी उरली, आन् तिच्या पोटात असतील ती. ती गेली की साहेबानं सोपवलेली जात माझ्या दारात संपली.

मादी व्याली तसा मी सशांच्या छपराच्या दारात बाज टाकून बसलो. कोनाला आत न्हाई. सासूबाई इनामगावहून आल्या, म्हनल्या, "जावयबापू, नुसतं वाकून बघते."

"आत्याबाई, मला बघा. मीबी काय कमी जनावर न्हाई."

सासूबाई जेवल्याबगर माघारी गेल्या. बायको माझ्याशी बोलंना. घरात लई शांतता झाली, ती मादीला मानवली.

डोळे उघडून पिल्लं आपल्या पायानं खोक्याबाहेर आली, तवा मी दार उघडलं. पिल्लं काळीकुट्ट. चांदीचा एक केस न्हाई.

आप्पा पोट धरून हसले. "म्हनून लपवत व्हतास व्हय? माझा काळ्या भिताड चढून आलता वाटतं."

गल्ली हसली. मीबी मनातून मानलं, घोरताना आप्पांचा काळ्याच आला असंल. आप्पा म्हनले, "जात बिघडली. आता कापायला हरकत न्हाई. मसाला माझा."

मला काय झालं ठावं न्हाई. हसं तर माझं रोजचंच. पन मी बाजेवर उभा ऱ्हायलो, ती करकरली, तसाच म्हनलं, "जात बिघडली म्हनून पिल्लं कापायची? मग गावात कितीजन उरतील, आप्पा? काळी तर काळी. माझ्या छपरात जन्मली, माझी हायेत. ज्याला मटान खायचंय त्यानं आधी मला कापावं."

"तुझ्यात हाडंच हाडं हायेत," आप्पा म्हनले आन् गेले.

मी गावभर बांधावरून लसूणघास मागून आनायचो. लोक इचारायचे, "काय रं, आप्पाची नातवंडं कशी हायेत?" मी म्हनायचो, "आज्यापरास देखनी."

काय दिसांनी एका पिल्लाच्या नाकापाशी पांढरं दिसलं. मला वाटलं, भिताडाचा चुना. वल्या फडक्यानं पुसलं, जाईना. दुसऱ्या दिशी पायावर. मग सगळ्याच पिल्लांवर. मी हबकलो, बायकोला म्हनलं, "काय रोग लागला, पोरं आत्तापासून पिकाय लागली."

ती इतक्या दिसांनी बोलली, "तुमच्यापाशी ऱ्हायल्यावर पिकनारच."

दिवाळीच्या आगंमागं साहेब आला तवर पोरं चांदीची झाली व्हती. मी सगळं सांगितलं. साहेब हसला. "अरं, ही जन्मत्यात काळीच. चांदी मागनं चढती. तुला सांगायचं ऱ्हायलं."

"बरं झालं ऱ्हायलं," मी म्हनलं. "ठावं असून सांभाळली असती, तर त्यात माझं काय?"

साहेबाच्या कुठल्या दोस्ताकडं तसलीच जोडी व्हती. त्याचा नर माझ्याकडं आला, माझी दोन पिल्लं तिकडं गेली. छप्पर पुन्हा भरलं.

मग एक दिस आप्पा पायरीवर येऊन बसले. खाकरून म्हनले, "एक मादी मलाबी दे की. कापत न्हाई. सांभाळतो."

मी बाजेवरून उठलो न्हाई. म्हनलं, "नातवंडं तुमचीच हायेत, आप्पा. पन आज्यानं असं मोकळ्या हातानं यायचं आस्तंय व्हय? जावा, घासाचा भारा आना. आन् तुमचा तो काळ्या आधी बांधून ठेवा."