राहिलेल्या नऊ फेऱ्या

माझी मावशी मोटारसायकलच्या सीट शिवते. चोवीस वर्षं झाली. आलेली सीट मांडीवर उलटी घ्यायची, पक्कडीनं पिना उपसायच्या, दबून गेलेला फोम सोलून काढायचा, नवा बसवायचा आणि वरून रेक्झिन असं ताणायचं की टिचकी मारली तर आवाज आला पाहिजे. जुनी सीट बघून ती माणूस सांगते. हा मागच्या खिशात जाडजूड पाकीट ठेवतो. हिचा नवऱ्याच्या चालवण्यावर भरवसा नाही, टोकावर बसते. "लोकांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत गं," ती म्हणते, "माझा संबंध दुसऱ्या बाजूशी."

तिला स्वतःला मोटारसायकल चालवता येत नाही. सायकलसुद्धा नाही. घर ते दुकान ती पायीच जाते, कडेकडेनं, वाहनांकडे संशयानं बघत.

अकरा वर्षांपूर्वी शेजारच्या हेल्मेटवाल्यानं दुकानात टीव्ही लावला. रविवारी दुपारी तिथे मोटारसायकलच्या रेस बघायला माणसं जमू लागली. आवाज कमी कर असं सांगायला मावशी तावातावानं गेली आणि दारातच थांबली. पडद्यावर एक एकोणीस वर्षांचा मुलगा वळण घेत होता. अंगावर एकाहत्तर नंबर. गुडघा जमिनीला घासतोय, सगळं अंग बाहेर लोंबकळतंय आणि सीट रिकामी.

"हा बसत का नाही?" तिनं विचारलं.

"बसला तर हरेल," हेल्मेटवाला म्हणाला.

तक्रार तिथेच विरली. "जन्मभर मी लोकांना नीट बसवायची सोय करत आले," ती मला एकदा म्हणाली होती, "आणि जीव जडला कुणावर? जो बसतच नाही त्याच्यावर."

तेव्हापासून तिथे तिचं एक स्टूल होतं, तिनंच शिवलेलं. हेल्मेटवाला, शाळेत पीटी शिकवणारे सर, एक कुरिअरवाला आणि आणखी पाच जण, असे आठ पुरुष आणि नववी मावशी. आठही जणांच्या सीट तिच्या हातच्या. तो खेळाडू त्यांच्यासाठी नुसता 'एकाहत्तर' होता. मावशी मात्र 'आपला' म्हणायची. आपला आज तिसरा आला. आपल्याचं मनगट दुखावलंय. तिला आणखी एका गोष्टीचं फार अप्रूप होतं. ट्रॅकच्या कडेला भिंतीपाशी काही माणसं हातात पाटी धरून उभी असतात. वाऱ्यासारख्या जाणाऱ्या खेळाडूला किती फेऱ्या राहिल्या ते त्या पाटीवरून कळतं. "एवढ्या वेगात त्याला दिसत असेल का रे?" ती दर वेळी विचारायची. "दिसतं, मावशी. आपल्या माणसाची पाटी बरोबर दिसते," असं हेल्मेटवाला दर वेळी सांगायचा.

मागच्या महिन्यात एका रविवारी नऊ फेऱ्या राहिल्या असताना एक वळण आलं. एकेक करून सगळे त्या वळणातून बाहेर आले. एकाहत्तर आला नाही. कॅमेरा आधी दुसरीकडे वळला, मग आकाशाकडे. रेस थांबवणारे लाल झेंडे निघाले. वळणावर माणसांनी पांढऱ्या चादरी आडव्या धरल्या. समालोचक एवढा हळू बोलू लागला की हेल्मेटवाल्यानं आवाज वाढवला, आणि मग कुणी न सांगता बंदच केला.

मावशी स्टुलावरून उठली, स्वतःच्या दुकानात गेली आणि अर्धवट राहिलेली एक सीट पूर्ण करून घरी आली.

घरी काका होते. काका बसडेपोत मेकॅनिक. माणूस वाईट नाही, पण बोलायला गेला की पान्हा फेकून मारल्यासारखं बोलतो.

"गेला म्हणे तुझा तो," काका म्हणाले. "अगं, वेगाशी खेळणारा वेगानंच जायचा. आणि कुठला कोण तो! आपल्याला काय त्याचं सोयरसुतक?"

"अहो, तुम्ही जेवा."

"नाही म्हणजे, तुझ्या सख्ख्या चुलत्याच्या वेळी तू एवढी..."

"चुलत्याला मी अकरा वर्षं दर रविवारी बघत नव्हते!" मावशीनं ताट असं ठेवलं की वाटी घरंगळत मोरीपर्यंत गेली.

त्या आठवड्यात ती सगळ्यांवर चिडली. 'मनाला लावून घेऊ नका' म्हणणाऱ्या शेजारणीवर. एका सीटची शिवण वाकडी गेली म्हणून स्वतःवर. तिच्या दुःखाला बसायला कुठे जागाच नव्हती. नातं सांगता येत नव्हतं, ओळख सांगता येत नव्हती. आणि रडावं तर लोक हसले असते. पण सगळ्यांत जास्त राग तिला एका नियमाचा आला. पीटीच्या सरांनी वर्तमानपत्रात वाचून सांगितलं की दोनतृतीयांशांहून जास्त अंतर झालं होतं, म्हणून रेस पूर्ण झाली असंच धरलं. निकालही लागला.

"आणि नऊ फेऱ्या?"

"त्या रद्द, मावशी."

"रद्द म्हणजे? राहिल्यात ना त्या? अर्धी शिवलेली सीट मी गिऱ्हाइकाला देते का, दोनतृतीयांश झाली म्हणून?"

मग तीच म्हणाली, "आपण मारू. गोदामांभोवतीच्या रस्त्याला. रविवारी तिथे कुत्रंसुद्धा नसतं."

गोदामांभोवतीचा रस्ता तिच्या दुकानाच्या कोपऱ्यापासून निघतो आणि वळसा घालून तिथेच येतो. आठही जणांना कल्पना पटली. मावशीनं हेल्मेटवाल्याला बाजूला घेतलं. आयुष्यात तिनं कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही, म्हणून तिचा तो आवाज लक्षात राहिला.

"मला त्या फेऱ्यांत असायचंय. तुझ्या मागे बसव मला."

"घ्या! तुम्ही बसणार? डोळे मिटून बसाल."

"मिटीन नाहीतर उघडे ठेवीन. नऊच्या नऊ फेऱ्या बसेन."

"ठरलं," तो म्हणाला. "हेल्मेट माझ्याकडून."

घोळ झाला तो पुढे. आठही जण आपापल्या सीट घेऊन दुकानात आले. म्हणे, सीटवर एकाहत्तर शिवून द्या, मोठ्ठं, पांढऱ्या धाग्यानं. त्याची आठवण.

मावशीनं कात्री खाली ठेवली. "सीटवर?"

"हो."

"म्हणजे त्याच्यावर बसणार तुम्ही."

कुरिअरवाला हसला. "मावशी, त्याच्यावर कुठे? आकड्यावर."

"तुझ्या बापाचा फोटो शिवून देऊ का तिथे? बसशील?"

"बापाचं नाव काढू नका हं."

"मग याचं कसं काढतोस? जो कधी सीटवर टेकला नाही, त्याच्या डोक्यावर तुम्ही पिशव्या घेऊन बसणार, भाजी ठेवणार, पोरं नाचवणार..." तिचा आवाज चिरकला आणि त्याचाही तिला राग आला. "न्या सीट. मी नाही शिवणार."

दोन दिवस बोलणं बंद. हेल्मेटवाल्याच्या दुकानात तिचं स्टूल रिकामं. तिसऱ्या दिवशी तोडगा तिनंच काढला. एरवी ती कधी एवढी भराभर बोलत नाही. मागची सीट मोकळी ठेवायची. रेसच्या गाडीला कुठे असते मागची सीट? तिच्यावर टोपीसारखं काळं कव्हर चढवायचं, खालून इलॅस्टिक, वर एकाहत्तर. नऊ फेऱ्या होईपर्यंत त्या जागेवर कुणी बसायचं नाही, पिशवीसुद्धा ठेवायची नाही. ती जागा त्याची. फेऱ्या झाल्या की कव्हर काढून घरी जपून ठेवायचं.

"आणि बायको?" कुरिअरवाल्यानं विचारलं. "ती येते म्हणतेय."

"बायकोला म्हणावं, एक दिवस घरी बस."

सगळे हसले. मावशीही हसली. तो तिचा त्या महिन्यातला पहिला हसरा चेहरा होता. तिच्याकडे बघत होतो आम्ही सगळे, आणि कुणाच्याही डोक्यात काही आलं नाही.

चार दिवस ती कव्हरं शिवत होती. आठ कव्हरं, आठ वेगवेगळ्या मापांची. आकड्याच्या कडा तिनं दुहेरी टिपेनं बांधल्या. सातातला बाक मनासारखा येईना म्हणून एक पूर्ण उसवलं. रविवारी सकाळी नऊला मी कव्हरांची पिशवी घेऊन तिच्याबरोबर कोपऱ्यावर गेले. आठ मोटारसायकली रांगेत उभ्या होत्या. तिनं स्वतः एकेकीवर कव्हर चढवलं, कोपरे ओढले, हात फिरवला. आठव्या गाडीपाशी, म्हणजे हेल्मेटवाल्याच्या, ती ताठ झाली.

त्याच्या एका हातात तिच्यासाठी आणलेलं लाल हेल्मेट होतं.

त्यानं सीटकडे पाहिलं. मग रांगेकडे. आठ गाड्या, आठ मागच्या सीट, आठही झाकलेल्या.

"अरे देवा," तो म्हणाला. "मावशी, एक मिनिट. माझं काढतो."

"हात लावू नकोस."

"अहो, सात पुरेत की."

"त्याला उठवून मी बसू? मीच सगळ्यांना सांगितलं ना, बसायचं नाही म्हणून?"

"पण तुमच्यामुळेच तर हे सगळं..."

"माझ्यामुळेच तर घोटाळा! चोवीस वर्षं सीट शिवतेय आणि माझं बूड कुठे टेकणार ते सुचलं नाही मला. अक्कल कुणी नेली होती कुणास ठाऊक." ती दुकानाकडे वळली. "जा तुम्ही. ऊन चढेल."

पीटीच्या सरांनी काहीतरी समजावायचा प्रयत्न केला. तिनं शटर अर्धं वर करून आतून उत्तर दिलं, "जा म्हटलं ना!"

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात प्लायवूडचा एक चौकोन होता, काळं रेक्झिन ताणून पिना मारलेला. वर मापाच्या खडूनं मोठा नऊ. फुटपाथच्या कडेला ती पाय रोवून उभी राहिली आणि पाटी छातीशी धरली.

हेल्मेटवाल्यानं लाल हेल्मेट माझ्याकडे दिलं आणि गाडी सुरू केली.

ते हळूच गेले, मागच्या सीटवर वाढदिवसाचे फुगे बांधलेत आणि त्यांना धक्का लागू नये असे. काही वेळानं गोदामांच्या टोकाच्या वळणातून एकेक करून बाहेर आले. मावशी ओठ हलवत मोजत होती. आठ. तिनं बाहीनं नऊ पुसला, आठ लिहिला. मग सात, सहा. प्रत्येक जण पाटीकडे बघून मान हलवायचा. "दिसतंय गं त्यांना," ती मला म्हणाली, पण चिडूनच. पाच, चार. बाही पांढरी झाली. तीन, दोन.

एक लिहिला तेव्हा खडूचा तुकडा मोडला. ते आले, एक पाहिला, गेले. परत आले तेव्हा पाटी कोरी दिसायला हवी होती, म्हणजे ते थांबले असते. मावशीनं बाही पाटीच्या कडेपर्यंत नेली आणि हात तसाच ठेवला. एक दिसतच राहिला. ते पुढे गेले.

"मावशी," मी म्हणाले, "झाल्या ना?"

"गप बस."

त्यापुढच्या खेपेला कुरिअरवाला ओरडला, "मावशी, हा एक कधीचा आहे!" तिनं पाटी आणखी वर धरली. पीटीच्या सरांनी दोन बोटं दाखवून काहीतरी विचारलं. पण थांबलं कुणीच नाही. मी फेऱ्या मोजायच्या सोडल्या.

मग एका खेपेला वळणातून सातच बाहेर आले.

मी तिच्याकडे पाहिलं. ती वळणाकडे बघत होती. सात गाड्या आमच्यासमोरून गेल्या. वळण रिकामं होतं. अजून रिकामं. पाटी फुटपाथवर आपटल्याचा आवाज आला तोवर ती रस्त्यात होती. कडेकडेनं चालणारी माझी मावशी, पायातली चप्पल मागे टाकून, भर रस्त्यातून धावत होती. मी पाटी उचलून तिच्यामागे.

वळणापलीकडे हेल्मेटवाला गाडी स्टँडवर लावून टाकीत डोकावत होता.

"पेट्रोल संपलं," तो म्हणाला. "तुमचा एक संपेना, माझं..."

तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. दुसरा. तिसरा. "हात करता येत नाही? ओरडता येत नाही? वळणामागे जाऊन बसायचं का, नालायका? माणसानं काय समजायचं?" आणि मग ती महिनाभर रडली नव्हती ते रडली, त्याच्या जॅकेटची बाही मुठीत धरून, मध्येच त्याला शिव्या देत.

तिचं ओसरल्यावर त्यानं स्टँड काढला आणि हँडल धरून गाडी ढकलू लागला. मावशीनं पदरानं तोंड पुसलं, पुढे झाली आणि मागून जोर लावला. दोन्ही हात मागच्या सीटवर, आकड्याच्या दोन बाजूंना. आकड्यावर बोट पडू न देता.

"दम लागला का?" वाटेत त्यानं विचारलं.

"तू बोलू नकोस. ढकल."

रस्ता किंचित चढाचा होता. कोपऱ्यावर सातही जण मागे फिरून, गाड्या बंद करून वाट बघत उभे होते. कुणी मदतीला आलं नाही. तेवढी अक्कल त्यांना होती.

गाडी दुकानासमोर थांबली. मावशी कमरेवर हात ठेवून श्वास घेत राहिली. मग तिनं माझ्या हातातल्या पाटीकडे पाहिलं.

"पूस ते."

मी पुसलं.

तिनं कव्हराचा कोपरा उचलून खालची सीट अंगठ्यानं दाबली आणि हेल्मेटवाल्याकडे बघत कपाळाला आठ्या घातल्या. "फोम पार बसलाय तुझा. उद्या सकाळी आण."