ताकदीच्या गोळ्या आणि केळीचा काटा

"मॅडम, गोलियाँ और प्रोटीन बराबर ले रही थीं ना?" इंदूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघत विचारलं.

"हो," मी म्हणाले. चक्क खोटं. शेजारी माझी धाकटी जाऊ सुनंदा बसली होती आणि तिच्यादेखत मी मेले तरी कबूल केलं नसतं.

डॉक्टर म्हणाले, हायपोअल्ब्युमिनेमिया. म्हणजे रक्तातलं प्रोटीन फार खाली गेलंय. ते गेलं की पाणी रक्तात टिकत नाही, पायात उतरतं. व्हिटॅमिन एसुद्धा तळाला गेलेलं, म्हणून दिवेलागणीनंतर मला नीट दिसत नव्हतं. आदल्या आठवड्यात मी बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या आमच्या घराच्या पायऱ्यांवरून पडले, ती त्यामुळेच. "सगळं वेळेवर घेऊनही ही हालत असेल," ते म्हणाले, "तर आतड्याची जोडणी बदलावी लागेल. म्हणजे पुन्हा ऑपरेशन. तीन दिवस इथे भरती राहा, मग बघू."

पुन्हा ऑपरेशन ऐकूनही मी खरं सांगितलं नाही. असं का केलं ते सांगते. ज्यांचं हे वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय किंवा व्हायचंय त्यांनी जरूर वाचा, आणि माझ्यावर हसायचं तर हसून घ्या.

आम्ही दोघी जावा लठ्ठ. मी शिक्षिका, बुऱ्हाणपूर शहरात राहते. सुनंदा जवळच्या फोपनार गावी माझ्या दिरांबरोबर केळीची शेती बघते. तिने माझ्याआधी पाच महिने ऑपरेशन करून घेतलं. तिचं स्लीव्ह, म्हणजे पोटाची पिशवी कापून लहान करतात. ती वाळत चालली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. सासूबाई येईल त्याला सांगायच्या, "आमची सुनंदा बघा, परत नवरी झाली." मी तिथेच बसलेली असायचे, एकशे चोवीस किलोची.

माझं वजनही जास्त आणि शुगरही जुनी, म्हणून डॉक्टरांनी ड्युओडिनल स्विच सुचवलं. त्यात पोट लहान करतातच, शिवाय आतड्याची वाट बदलतात. अन्न एका वाटेने येतं, पित्त आणि पाचकरस दुसऱ्या वाटेने, आणि दोघांची गाठ पडते ती पार शेवटच्या थोड्या भागात. मग खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही. याला मालॲब्सॉर्प्शन म्हणतात. पाटाचं पाणी वाफ्यांत न जिरता सरळ पुढे निघून जावं, तसं.

पण जिरत नाही म्हणजे तेलतूपच जिरत नाही असं नाही. प्रोटीन, लोह, कॅल्शियमही कमी जिरतं, आणि ए, डी, ई, के ही व्हिटॅमिनं तर चरबीबरोबरच आत जातात. म्हणून गोळ्या जन्मभर, ताटात आधी डाळ-पनीर, दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घ्यायचं नाही. डॉक्टरांनी हे कागदावर काढून समजावलं. मला एवढंच कळलं की हे सुनंदाच्या ऑपरेशनपेक्षा मोठं आहे. मनात म्हटलं, आता बघतेच तिला.

ऑपरेशन चांगलं झालं. इन्सुलिन दुसऱ्याच महिन्यात सुटलं. शौचाला तेलकट आणि वास नको इतका, ते मात्र सोसावं लागतं. तूप-तळण कमी केलं की तेही आटोक्यात येतं. आठ महिन्यांत छत्तीस किलो उतरले. तुम्ही म्हणाल, मग बाई तुला हवं तरी काय होतं?

मला सुनंदाहून बारीक व्हायचं होतं.

फोपनारच्या शेडमध्ये केळी मोजायचा मोठा काटा आहे. घरची मंडळी जमली की आम्हा दोघींना त्यावर उभं करायची पद्धतच पडली होती. दीर आकडा मोठ्याने वाचायचे, पोरं टाळ्या वाजवायची. सुनंदा अडुसष्ट. मी अठ्ठ्याऐंशी. पुढच्या वेळी सुनंदा सहासष्ट, मी अठ्ठ्याऐंशी. त्याच्या पुढच्या वेळीही मी अठ्ठ्याऐंशीच. ऑपरेशनला गेली तेव्हाच ती माझ्याहून सव्वीस किलो हलकी होती, ही गोष्ट काट्याला कोण सांगणार?

शाळेतल्या बाई म्हणाल्या, "इतक्या ताकदीच्या गोळ्या खाता, अंग सुटणार नाही तर काय!" आमच्याकडे हे सगळ्यांनाच पक्कं ठाऊक असतं. टॉनिक घेतलं की अंग भरतं, बाळंतिणीला, अशक्त पोराला त्याचसाठी तर देतात. मी सातवीला विज्ञान शिकवते. व्हिटॅमिनमध्ये चरबी नसते हे फळ्यावर लिहिते. तरी मला पटलं, कारण मला तेच पटवून घ्यायचं होतं. प्रोटीनच्या डब्यावर तर दंड फुगवलेला पहिलवान. हे पिऊन बारीक कोण होईल? त्याच दिवशी गोळ्या बंद, पावडर बंद. नवऱ्याला दिसू नये म्हणून दर महिन्याच्या पट्ट्या साड्यांच्या घडीत. रक्ताची तपासणीही टाळली.

पहिल्या महिन्यात चार किलो उतरले. मी खूश. मग केस मुठीमुठीने जायला लागले, पाय सुजले, चप्पल चढेना. काट्यावर तीन किलो वाढले. ते सुजेचं पाणी होतं. मला वाटलं चरबी. मग मी डाळ-पनीरही कमी केलं. आ बैल मुझे मार म्हणतात ते हेच.

मुलांच्या परीक्षा, नवऱ्याचं दुकान, म्हणून इस्पितळात माझ्याजवळ राहायला कोण? सुनंदा. केळीची कापणी सोडून आली. अल्ब्युमिन, म्हणजे तेच रक्तातलं प्रोटीन, शिरेतून चालू होतं, व्हिटॅमिन एचं इंजेक्शन दिलं होतं. ती माझ्या सुजल्या पायांखाली उशी ठेवायची, पनीरचे तुकडे मोजून भरवायची, आणि मी तिच्या मनगटाकडे बघायचे. बांगड्या किती सैल झाल्यात हिच्या. अशा अवस्थेतही मला तेच दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्या नवऱ्याने घाईत भरून दिलेल्या बॅगेतून माझी साडी काढली. घडीतून पट्ट्या पडल्या. एकही पट्टी फोडलेली नाही. तिने सगळ्या उचलून पलंगावर ठेवल्या.

"ताई, आज डॉक्टर ऑपरेशनचं ठरवणारेत. आणि तुम्ही घेतल्याच नाहीत?"

मी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हटलं, "तू माझ्याहून बारीक दिसतेस. मला बघवत नाही."

वाटलं, आता ही उठून जाईल. गेली असती तर मला बरंच वाटलं असतं.

तिने डोळे पुसले. "मग सांगायचं ना मला. मी काट्यावर चढलेच नसते. दोन भाकरी जास्त खाल्ल्या असत्या."

ती टोमणा मारत नव्हती. तिने खरंच खाल्ल्या असत्या.

डॉक्टर आले तेव्हा मी स्वतः सांगितलं. ते चिडले, पट्ट्या हातात घेऊन बघितल्या आणि ऑपरेशन रद्द केलं. जोडणी ठीक होती. गोळ्या आणि प्रोटीन पोटात गेल्यावर अडीच महिन्यांत सूज उतरली, संध्याकाळचं दिसायला लागलं. वजन नव्वदवर आहे. डॉक्टर म्हणतात, चांगलं आहे.

तुमच्या डॉक्टरांशी खोटं बोलू नका, तपासणी टाळू नका, आणि ताकदीच्या गोळ्यांनी अंग सुटत नाही. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ.

माझा स्वभाव गेला म्हणाल तर नाही. सुनंदा अजून माझ्याहून चोवीस किलो हलकी आहे, त्याचं आताशा फारसं वाटत नाही. पण तिने त्या दिवशी जे म्हटलं, ते मी तिच्या जागी असते तर मला म्हणता आलं नसतं. त्यावर मात्र मी रोज जळते.