कानसाहेबांचा ठहराव

रेकॉर्डवर सुई टेकायच्या आधीच ती रेकॉर्ड भिकार आहे हे कानसाहेबांना कळत असे. कव्हर हातात घ्यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, मागचा मजकूर वाचल्यासारखं करायचे आणि डाव्या हातानं ती टीपॉयवर ठेवायचे. डाव्या हातानं ठेवली की विषय संपला. आणणारा बिचारा कसनुसा हसायचा आणि आम्ही बाकीचे त्याच्याकडे न बघता चहाच्या कपात बघायचो. मी सहसा कुणाचा तिरस्कार करत नाही, त्याला फार चिकाटी लागते. कानसाहेबांच्या बाबतीत मात्र ती चिकाटी मी अकरा वर्षं त्यांची भक्ती करून कमावली आहे.

त्यांचं खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीला आणि पेन्शनच्या कागदांना ठाऊक. पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, लक्ष्मीनगरात स्वतःचं घर, आणि साऱ्या नागपुरात कान फक्त आपल्यालाच दिलेले आहेत अशी ठाम समजूत. ‘कानसाहेब’ हे नाव आम्ही पाठीमागे ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता रागावतील. ते खूश झाले. थट्टा ओळखू न येणारा माणूस संगीतातलं काय ओळखणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यांच्याकडे दर रविवारी सकाळी दहाला आमची सहा-सात जणांची बैठक बसायची. ऐकायचं ते एकच: जॅझ-रॉक फ्यूजन. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, पियानो, सगळे एकमेकांच्या मागे लागलेले, आणि गाणारा कुणी नाही. हे संगीत नागपुरात ऐकणारे आम्हीच, त्यामुळे आपण कुणीतरी आहोत असं प्रत्येकाला वाटायचं. येताना कुणीतरी तर्री-पोहे बांधून आणायचा, पण रेकॉर्ड चालू असताना खायला बंदी होती. पोहे चावल्याचा आवाज त्यांना लागायचा. बाजू संपेपर्यंत तर्रीवर साय धरायची, मग आम्ही ते थंडगार पोहे गिळायचो आणि रेकॉर्ड कशी होती हे ते सांगतील त्याची वाट बघायचो.

या सगळ्या थाटाच्या मुळाशी होतं त्यांचं मशीन. मेहुण्यानं अमेरिकेहून आणलेला जुना रेकॉर्ड प्लेयर, त्याच्या खाली आपली वीज त्याला चालावी म्हणून एक ट्रान्सफॉर्मरचा डबा, आणि त्या डब्यावर क्रोशाचा रुमाल. त्या मशीनवर वाजलं की कुठलीही रेकॉर्ड भारदस्त वाटायची, खर्जात उतरल्यासारखी. कानसाहेब त्याला ‘ठहराव’ म्हणत. “वेग अडाण्यांसाठी असते,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. “ठहराव ऐकाले कान लागतात.” कुणी म्हणालं की मोबाईलवर हीच रेकॉर्ड जरा जलद वाटली, तर ते दयेनं हसायचे. हल्ली लोकांना वेळ नसतो म्हणून कंपन्यांनी सगळ्या संगीताचा वेग वाढवून ठेवला आहे, असं त्यांचं संशोधन होतं. आम्ही शिकलेसवरलेले लोक त्यावर माना डोलवायचो.

पोळ्यानंतरचा पहिला रविवार निवडीचा. त्या दिवशी प्रत्येकानं आपला सगळ्यात आवडता एक अल्बम आणायचा, वाजवायचा, आणि हाच का, ते सांगायचं. कानसाहेबांनी मान्य केला तर तो कपाटाच्या वरच्या फळीवर त्याच्या मालकाच्या नावानं वर्षभर राहायचा. नाही केला, तर मारबतीच्या मिरवणुकीत लोक ओरडतात तसे ते ओरडायचे, “घेऊन जा गे मारबत!” म्हणजे इडापिडेबरोबर ही रेकॉर्डही गावाबाहेर. सगळे हसायचे. ज्याची गेली तोही हसायचा, नाहीतर तो खिलाडू नाही असं ठरायचं. स्वतः कानसाहेबांनी इतक्या वर्षांत एकदाही निवड केली नाही. एक निवडला की बाकीच्यांचा अपमान होतो म्हणे. मला विचाराल तर ती शुद्ध भीती होती. आपल्याला काय आवडतं हे उघडं पडलं की दुसरा त्यावर हसू शकतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

एका वर्षी बैठकीत मेश्राम येऊ लागला. सावनेरकडच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन, राहायला तिकडेच. रविवारी सकाळची बस धरून, पिशवीत रेकॉर्ड जपत यायचा. कमी बोलायचा. निवडीच्या रविवारी त्यानं आपला अल्बम लावला, आणि का आवडतो असं विचारल्यावर म्हणाला, “मले आवडते, बस.” कानसाहेबांनी कव्हर डाव्या हातानं ठेवलं. खाणीत दिवसभर मशिनांचा खडखडाट ऐकणाऱ्याला आवाज आणि संगीत यांतला फरक कसा कळणार, असं ते आमच्याकडे बघत म्हणाले, आणि मग मारबतीची आरोळी झाली.

मेश्राम हसला नाही. त्यानं मनगटावरचं घड्याळ दाखवलं. कव्हरवर ही बाजू वीस मिनिटांची छापली आहे आणि आत्ता ती चोवीस मिनिटं चालली, असं त्यानं सांगितलं. मग खाली वाकून, क्रोशाचा रुमाल नीट बाजूला करून म्हणाला, “साहेब, हे मशीन सेकंदाले साठ सायकलच्या लाइनवर चालाचं आहे. आपल्याकडे पन्नासची लाइन हाय. हा डबा व्होल्टेज बदलवते, सायकल नाही बदलवत. मोटर हळू फिरून राहिली.”

कानसाहेबांनी रुमाल परत जागेवर घातला. “संगीत घड्याळ लावून ऐकते का गा कोणी?” ते म्हणाले. “इथं ड्यूटी लागली का तुझी?” त्यावर हशा झाला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, हे मला नीट आठवतं, कारण हसताना मी कानसाहेबांकडे बघत होतो. मेश्रामनं चहा संपवला, रेकॉर्ड पिशवीत घातली, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेला. तो पुन्हा आला नाही.

पुढच्या वर्षी निवडीला मी माझा अल्बम नेला. तोवर मी तो कुणाला दाखवला नव्हता. लग्नाच्या पहिल्या वर्षी सीताबर्डीच्या फुटपाथवर मिळालेला, पिवळ्या कव्हरचा, एका कोपऱ्याला पाणी लागलेला. माझी बायको सुनंदा शाळेत संगीत शिकवते, या गोंगाटाशी तिचं काही देणंघेणं नाही. पण त्यातल्या तिसऱ्या तुकड्यात पियानो पुढे पळतो, ड्रम त्याला गाठतो आणि दोघं अचानक एकत्र थांबतात, तिथं ती स्वयंपाकघरातून पोळी लाटता लाटता ‘हं’ म्हणायची. एकदा तिनं पेटी काढून सूर लावून बघितला आणि हे काळी दोनमध्ये आहे असं सांगितलं. माझ्या घरी मी सगळ्यात सुखी कधी असायचो, असं कुणी विचारलं तर मी तो ‘हं’ सांगेन.

कानसाहेबांच्या मशीनवर तो अल्बम आजारी वाटला. पियानो पळतच नव्हता, धाप लागल्यासारखा चालत होता, आणि ड्रमला त्याला गाठायची गरजच उरली नव्हती. मी धीर करून म्हणालो की माझ्याकडे हे जरा वेगळं वाजतं. “तुझं मशीन घाई करून राहिलं,” कानसाहेब म्हणाले. “म्हणूनच तुले हे आवडते. ठहरावात आणलं की पोकळ निघते, पाह्य.” आणि डावा हात. सगळे माझ्याकडे बघत होते. मीच म्हणालो, “घेऊन जा गे मारबत.” कुणी म्हणायच्या आधी आपणच म्हटलं की कमी लागतं, असा माझा हिशेब होता.

आता पुढचं लिहायला लाज वाटते, पण कानसाहेबांना नावं ठेवायची तर स्वतःला सोडून कसं चालेल? आठवडाभरानं मी माझा प्लेयर उचलून सीताबर्डीला बशीरभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला आणि त्याचा वेग कमी करून मागितला. वेग बरोबर आहे, असं त्यांनी मला दोनदा तपासून दाखवलं. मी हटून बसलो. मोटरवरची छोटी पितळी पुली लेथवर घासून बारीक करावी लागेल आणि एकदा घासली की परत वाढत नाही, हेही त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, “चांगल्या मशीनले काहून बिमार करून राहिले भाऊ?” मी त्यांना ठहराव समजावला. त्यांनी पुली घासून दिली.

घरी आल्यावर मी पिवळा अल्बम लावला. सुनंदा बाहेर आली, पेटीवर एक-दोन सूर दाबून बघितले आणि म्हणाली, “हे पांढरी एकवर उतरलं की. काय केलंत याले?” मी तिला म्हणालो की हा ऐकण्याचा प्रकार वेगळा आहे, तुला नाही समजायचा. तिनं पेटी बंद केली. त्यानंतर तिसऱ्या तुकड्यात स्वयंपाकघरातून कधी ‘हं’ आला नाही, आणि मीही तो अल्बम लावेनासा झालो. वरच्या फळीवर माझ्या नावानं मग कानसाहेबांनी सुचवलेला एक अल्बम लागला. मला तो कधीही आवडला नाही.

खोटं का बोलू, त्यांनी काहीच दिलं नाही असं नाही. चाळीस मिनिटं तोंड मिटून, फोन न बघता एका जागी बसायचं कसं, हे मी त्यांच्याकडे शिकलो. पण त्याबद्दल आभार मानायची माझी तयारी नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांची मुलगी त्यांना पुण्याला न्यायला आली. गुडघे गेले होते, जिना चढवत नव्हता. जाताना त्यांनी सगळ्यांसमोर मशीन मला दिलं. “आता कान तुझे,” असं म्हणाले, आणि मला, चक्क, भरून आलं. बांधाबांध करताना मी मशीन उलटं केलं. खाली एक पत्र्याची पट्टी होती, आणि तिच्यावर स्वच्छ कोरलेलं होतं: साठ सायकल. मी पट्टी त्यांना दाखवली. त्यांनी भिंग मागवलं, बराच वेळ वाचलं. मला वाटलं, आता हा माणूस एकदा तरी ‘चुकलं’ म्हणेल. त्यांनी भिंग खिशात ठेवलं.

“म्हणजे बनवणाऱ्यालेच समजलं नाही,” ते म्हणाले. “आपल्याकडे येऊन सुधारलं ते.”

मशीन मी तिथंच सोडलं. त्यांच्या मुलीनं ते कुणाला दिलं, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या प्लेयरची बारीक केलेली पुली रुमालात गुंडाळून सावनेरची बस धरली. वर्कशॉपच्या फाटकावर नाव सांगितलं तर मेश्राम स्वतः बाहेर आला. केस पांढरे झाले होते. त्या दिवशी मी सगळ्यात मोठ्यानं हसलो होतो, असं मी त्याला सांगितलं. “माहीत हाय,” तो म्हणाला, आणि पुली उजेडात धरून बघितली. बघता बघता त्याचा चेहरा उतरला, माझ्यामुळे नव्हे, पुलीमुळे. एवढं चांगलं पितळ कुणी घासलं, असं त्यानं विचारलं. मीच घासून घेतलं, म्हटल्यावर त्यानं ती परत रुमालात गुंडाळून स्वतःच्या खिशात ठेवली.

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, तो नवी पुली घेऊन आमच्याकडे आला. गावातल्या एका लेथवर स्वतः उभं राहून करून घेतली होती. बसवली, घड्याळ काढलं, फेरे मोजले, मान हलवली. मी पिवळा अल्बम काढला. सुनंदानं पेटी उघडून काळी दोन दाबली आणि सूर चोख मिळाला. मग तिसरा तुकडा आला. पियानो पळाला, ड्रमनं गाठलं, दोघं थांबले, आणि सुनंदाच्या तोंडून इतक्या वर्षांनी ‘हं’ निघाला.

मला काहीच वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण भलतंच वाटलं. दोघं माझ्याकडे बघत होते, आणि मेश्रामनं विचारलं, “आवडलं का भाऊ?” खोटं बोलावं असं फार मनात होतं. पण तोंडातून निघालं, “जरा घाई होऊन राहिली.”

ते वाक्य माझं नव्हतं, हे आम्हा तिघांनाही कळलं. सुनंदानं पेटीवरचा हात काढला. पुण्यात त्या वेळी कानसाहेब आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसले असतील, आणि मी मनातल्या मनात त्यांना दिलेली शिवी इथं लिहीत नाही.

मेश्राम उठला. सुई उचलून त्यानं तिसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीला ठेवली.

“पुन्हा ऐका,” तो म्हणाला. “मले संध्याकाळची बस हाय.”