आधी कच्चं दाखवा

समोर कॉफी आली की दादा कप दोन बोटांनी बाजूला सारायचे आणि म्हणायचे, "आधी कच्चं दाखवा."

पुण्यातल्या कितीतरी कॉफीच्या दुकानांत हे वाक्य मी ऐकलेलं आहे, कारण त्यांच्या समोरच्या खुर्चीत मी असायचे. तुम्हीही अशा एखाद्या दुकानात एक वाळका, उंच म्हातारा आणि एक जाड चष्म्याची म्हातारी पाहिली असेल आणि ही दोघं इथे कशाला आली असं तुम्हाला वाटलं असेल. ते आम्हीच.

दादा माझे नात्याचे कोणी नव्हेत. शनिवार पेठेत कॉफीच्या बिया भाजून, दळून विकायचं एक दुकान होतं. तिथे ते भाजायचे आणि मी निवडायचे. मांडीवर सूप घ्यायचं आणि तांदळातले खडे काढावेत तशा काळ्या, किडक्या, फुटक्या बिया काढायच्या. चौथी शिकलेल्या बाईला बरं काम होतं. सावलीत बसून, आणि अंगाला दिवसभर चांगला वास.

बिया भाजायचा ढोल लोखंडी होता, हाताने फिरवायचा. खाली कोळशाची शेगडी. आतल्या बिया तडकतात तेव्हा ढोल दोनदा वाजतो. पहिल्यांदा लाह्या फुटतात तसा, मोठा. मग जरा गप्प बसतो. मग दुसऱ्यांदा, बारीक, तव्यावर तीळ तडतडतात तसा. आमच्या दुकानात दुसरं वाजलं की लगेच उतरवायचं. चार श्वास उशीर झाला की कोळसा. घड्याळ नाही, काटा नाही, सगळं कानावर. ढोलाला दादांशिवाय कोणी हात लावायचा नाही. मी तर नाहीच.

माणूस फटकळ. मी एकदा उजेडासाठी सूप घेऊन खिडकीशी सरकले, तर ओरडले, "बाई, समोर बसा."

"अहो, इथे नीट दिसतंय."

"तुम्हाला दिसतंय. मला नाही."

मला वाटलं, हा मेला माझ्यावर पहारा ठेवतो. मी नाक मुरडून समोर बसले आणि नंतर कायम समोरच बसत आले. मी कधी आजारी पडले तर ते त्या दिवशी शेगडी पेटवायचेच नाहीत. कोळसा ओला आहे म्हणायचे. उन्हाळ्यातसुद्धा.

पुढे शेठचं वय झालं, दुकान बंद झालं. शेठने विचारलं, काय हवं तुम्हाला. दादा म्हणाले, ढोल. तो त्यांनी हातगाडीवर घालून घरी नेला आणि इमारतीच्या जिन्याखाली ठेवला. शेजारी त्यावर ओल्या छत्र्या वाळत घालायचे.

बरीच वर्षं गेली. पुण्यात कंपन्या आल्या, पोरांच्या गळ्यात ओळखपत्रं आली, आणि कॉफीची दुकानं निघायला लागली. आम्हाला त्याचं काही नव्हतं. पण दादांची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. मुलाने तोवर सहाव्या मजल्यावर घर भाड्याने घेतलं. मुलगा वाईट नाही. त्याने सरळ सांगितलं, "बाबा, दसऱ्यापर्यंत ढोलाचं बघा. नाहीतर भंगारात द्यावा लागेल." भंगारवाला येऊन टिचकी मारून बघूनही गेला.

त्या दिवशी संध्याकाळी दादा माझ्या दारात. "बाई, चप्पल घाला. गिऱ्हाईक शोधायचंय."

"कसलं?"

"ढोलाला घर."

त्यांचं म्हणणं सोपं होतं. ज्याच्याकडे कच्च्या बिया, तो स्वतः भाजतो. जो स्वतः भाजतो, त्यालाच ढोल द्यायचा. म्हणून आधी कच्चं दाखवा.

पहिलं दुकान कॉलेजजवळ, काचेचं, आत सोफे. पाटी आणि यादी इंग्रजीत, म्हणून वाचायचं काम दादांचं. दादांनी कच्चं दाखवा म्हटल्यावर गल्ल्यावरची मुलगी गोंधळली. "सर, कच्चं म्हणजे सॅलड का?"

"नको. मी गाय नाही."

तिथली कॉफी काळी होती. मला वाटलं काढाच दिलाय. मी जायफळ मागितलं, तर ती मुलगी आत जाऊन कोणाला तरी विचारून आली आणि नाही म्हणाली. मी म्हटलं, मग एवढ्या मोठ्या दुकानात आहे काय.

पण खरं सांगते, तिसऱ्या दुकानापासून मला गोडी लागली. अहो, दर दुकानाचा वास वेगळा. एक बंगल्याच्या व्हरांड्यात, एक मोटारीच्या गॅरेजात, एक तर जिन्याच्या वळणावर, दोन टेबलांचं. मोठ्या कंपनीचं एकही नाही. कोणीतरी एकट्याने हौसेने काढलेलं. या पुण्यात मी जन्म काढला आणि हे सगळं माझ्या पाठीमागे कधी उगवलं मला कळलंच नाही. मी सकाळी अंघोळ करून तयार बसायला लागले. आज कुठे, असं मीच विचारायचे.

शेजारीण म्हणाली, "या वयात कॉफी प्यायला जाता?"

मी म्हटलं, "मग कोणत्या वयात जायचं? तरुणपणी मी निवडत होते."

व्हरांड्यातल्या दुकानाचा मालक दाढीवाला, कंपनीतली नोकरी सोडून आलेला. तो कप ठेवून म्हणाला, "काका, यात जांभळाचा स्वाद आहे. शेवटी थोडा गूळ."

दादांनी एक घोट घेतला. "आंबट आहे, हे कबूल. जांभूळ वेगळं देणार का?"

तो हसला. माणूस चांगला. पण बिया भाजलेल्याच यायच्या त्याच्याकडे, पाकिटातून. कच्चं काही नाही. आम्ही उठलो.

एक मात्र मला खटकायचं. दुकान कितीही शांत असलं तरी दादा म्हणायचे, "मोठ्याने बोला, गाड्यांचा आवाज आहे." मी म्हणायचे, कुठे आहेत गाड्या. ते म्हणायचे, "पुण्यात गाड्या सगळीकडे आहेत." म्हातारा हट्टी आहे, एवढंच मी समजले.

दसरा पंधरा दिवसांवर आला तेव्हा आम्ही येरवड्याला गेलो. तिथे नागपूरकडचा एक तरुण, गॅरेजात दुकान मांडून बसलेला. त्याने आम्हाला पंख्याखाली बसवलं. "कुठून आले तुम्ही, काका? बसा न आरामात." कच्चं त्याच्याकडेही नव्हतं. पण दादांचा चेहरा पाहून तो म्हणाला, "हिंजवडीले जा. तिथे एक पोरगी आहे, गोठ्यात दुकान टाकलं तिनं. ती स्वतः भाजते म्हणतात."

दुसऱ्या दिवशी आम्ही हिंजवडीच्या बसमध्ये. दोन तास लागले. मागेपुढे कंपनीच्या बसगाड्या, आत झोपलेली पोरं. काचेच्या इमारती संपल्या तिथे एक गल्ली, गल्लीत जुनं घर, घराशेजारी गोठा. गाई गेल्या होत्या, गव्हाणी होत्या, आणि गव्हाणींवर फळ्या टाकून टेबलं केलेली. दारात खाटेवर मुलीचे वडील बसले होते.

"कंपनीच्या गाड्या दारावरनं जात्यात," ते आपणहून म्हणाले. "म्हनलं एखादीत बस. तर ही हितं धूर करत बसलीया."

मुलगी पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधून बाहेर आली. दादांनी कॉफी मागवलीच नाही. नुसतं म्हणाले, "आधी कच्चं दाखवा."

"हाय की, आजोबा. पोतं हाय आत. या."

दादा त्या पोत्यापाशी लहान मुलासारखे उकिडवे बसले. ओंजळ भरली, वास घेतला आणि ओंजळ माझ्यापुढे केली. मी तिथल्या तिथे तीन बिया वेचून फळीवर ठेवल्या. एक काळी, एक किडकी, एक फुटकी.

मुलगी वाकून बघत राहिली. "मला दिसल्या न्हाईत ह्या."

"दिसतील," मी म्हटलं. "वीस वर्षांत."

ती लोखंडी कढईत भाजायची, झाऱ्याने हलवत. अर्ध्या बिया करपायच्या, अर्ध्या पांढुरक्या राहायच्या. दादांनी ढोलाचं सांगितलं तेव्हा तिचे डोळे असे झाले की मीच हसले. वडील मात्र सावध होते. "आधी चालवून दावा. लोखंडाला जागा द्यायची तर काम झालं पायजे." त्यात गैर काही नव्हतं.

दसऱ्याच्या चार दिवस आधी त्यांच्या टेम्पोतून ढोल गोठ्यात आला. दादा पांढरा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. मुलगी, वडील, गल्लीतली दहा माणसं, कंपनीतली दोन पोरं फोन उगारून. मला मान म्हणून खुर्ची दिली, वडिलांच्या शेजारी. मी हात मांडीवर ठेवून बसले.

पहिलं वाजलं. दादा फिरवत राहिले, बरोबर होतं. मग गप्प झालं. मग दुसरं सुरू झालं, तीळ तडतडावेत तसं. मी मनात म्हटलं, आता उतरवतील. ते फिरवतच राहिले. मान ढोलाकडे कलती करून, आणि डोळे मात्र माझ्याकडे. धूर निळा झाला. मी म्हटलं, "दादा, उतरवा." त्यांना ऐकू गेलं नाही. मी उठून त्यांच्या हातावर चापट मारली.

ओतलं तेव्हा सगळा कोळसा. तेलकट, चकचकीत कोळसा. कंपनीतल्या पोरांनी फोन खाली केले. वडील खाकरले आणि उठून उभे राहिले. ढोल परत टेम्पोत चढणार हे सगळ्यांना दिसत होतं.

मी दादांच्या कानाशी गेले. "ऐकू येत नाही ना तुम्हाला?"

"नाही."

"कधीपासून?"

"दुकानात होतो तेव्हापासून. शेवटची आठ-दहा वर्षं."

"मग भाजत कसे होता?"

ते माझ्यावरच चिडले. "तुमच्याकडे बघून. दुसरं वाजलं की निवडता निवडता तुमचा हात थांबायचा. दर वेळी. आज सूप कुठे आहे तुमचं? हात मांडीवर घेऊन पाटलीणबाईंसारख्या बसलात."

मला हे माहीत नव्हतं. माझा हात थांबतो, हे मला आजतागायत कोणी सांगितलं नव्हतं. आठ-दहा वर्षं शनिवार पेठेतली कॉफी माझ्या हातावर भाजली जात होती आणि मी समजत होते, मी किडक्या बिया काढते.

रडायबिडायला वेळ नव्हता. मी वडिलांना म्हटलं, "बसा खाली. अजून एक घाणा होणार आहे." मुलीला म्हटलं, "सूप आण."

त्या घरात सूप होतंच. मी जमिनीवर मांडी घातली, ढोलासमोर, आणि निवडायला लागले. हाताकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं, कारण लक्ष दिलं तर तो खोटा थांबेल. पोतं चांगलं होतं, किडकं कमी. एक काळी निघाली, एक फुटकी. तेवढ्यात ढोलाचं दांडकं थांबलं आणि बिया खळकन खाली आल्या. मी बघितलं तर माझा हात हवेत होता.

बिया तपकिरी, एकसारख्या. सगळ्या गोठ्याला वास सुटला. वडिलांनी एक बी दाताखाली फोडली, चघळली, आणि मुलीला म्हणाले, "खिडकीपाशी जागा कर ह्याला."

दादा म्हणाले, "खिडकीपाशी नको. बाईंना समोर बसायला जागा पाहिजे."

नंतर दीड वर्ष आम्ही आठवड्यातून दोनदा हिंजवडीला जात होतो. ते भाजायचे, मी निवडायचे, मुलगी शेजारी उभी राहून शिकायची. आता तर दूरदूरची पोरं कॉफी प्यायला येतात आणि गव्हाणीचे फोटो काढतात. दादा गेल्या माघात गेले. आजारी वगैरे नव्हते. सदरा इस्त्री करून खुर्चीवर घातला होता, दुसऱ्या दिवशी यायचं म्हणून.

मी अजून जाते. बसमध्ये शेजारची जागा कोणी ना कोणी घेतं.

परवा मुलगी भाजत होती आणि तिच्या दोन्ही कानांत गाण्याची बोंडं. मी सूप आपटलं. "काढ ते आधी. दुसरं वाजलेलं कळणार कसं तुला?"

तिने ढोल थांबवला नाही, बोंडंही काढली नाहीत.

"निवडा तुम्ही, आजी," ती म्हणाली. "मी हाताकडं बघतीया."