सारसाच्या अंड्यांपायी पाहुणचार

ऐंशीच्या सुमारास आम्ही शहरात, नंदनवन नावाच्या वस्तीत राहत होतो. एका पावसाळ्यात पुण्याचे थोरले साडू हातभर लांब लेन्सचा कॅमेरा घेऊन आले. आमच्या सासुरवाडीच्या तळ्यात सारसाच्या जोडीने घरटं केलं होतं आणि त्यांना पाण्यात उतरून अंड्यांचे फोटो काढायचे होते. आदल्या वर्षी असाच एक हौशी फोटोग्राफर घरट्यापाशी गेला, जोडी उडाली आणि कावळ्यांनी अंडी फोडली. सारस आधीच दुर्मिळ झालेले. माझा जीव वरखाली होत होता, पण थोरल्या साडूंना अडवणार कोण?

गावी पोचताच मी सासूबाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "काहून घाबरता? पहिले जेवू तं द्या त्यायले."

मग पुरणपोळ्या आल्या, सोबत वाटीभर तूप. साडू पानावर आडवा हात धरत आणि सासूबाई, "जवाई उपाशी उठले तं लोक काय म्हनतीन?" म्हणत आणखी एक वाढत. शेवटी साडू उठले ते थेट खाटेवर कलंडले. त्यांच्यावर लक्ष ठेवायला मी शेजारी बसलो आणि मीही घोरू लागलो.

जाग आली तेव्हा दिवस मावळत होता.

"मला उठवलं का नाही?" साडू कळवळले.

"झोपलेल्या जवायाले कोन उठवन, बाप्पा!"

साडूंची सुट्टी संपली होती. सकाळच्या बसने ते पोळ्यांचा डबा घेऊन परतले.

पुढे सारसांमागे चालणारी पिल्लं सासूबाईंनीच मला बांधावरून दाखवली. मी जरा पुढे सरकलो, तर त्यांनी सदरा धरून मला मागे ओढलं.