माझी भांडणं छापून आली

आमचे हे बीडला शिळाप्रेसवर कामाला होते. दगडावर अक्षरं उमटवायची आणि साप्ताहिक छापायचं. एकदा कोपऱ्यात जागा उरली म्हणून ह्यांनी फुंकणी उगारलेली बाई काढली. निजामाच्या राज्यात अंमलदाराचं चित्र काढायची कुणाची टाप होती? बायकोचं काढायला परवानगी लागत नव्हती.

ती बाई मीच होते. नाक माझं, कुंकू माझं, तोंडची वाक्यंही माझीच. पहिल्यांदा मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू. लोकांना तर ती फारच आवडली. एका चित्राची चार चौकटींची गोष्ट झाली. मग विडीवाल्यानं ती बंडलावर मागितली, चहावाल्यानं पाटीवर रंगवून घेतली. प्रेसच्या मालकानं ह्यांना बजावलं, बाई बंद पडता कामा नये. तेव्हापासून हे मुद्दाम घागर लवंडून द्यायचे, सरपण ओलं करून ठेवायचे आणि मी चिडले की कान टवकारून ऐकायचे. बाजारात मी खरोखर संतापले तरी भाजीवाली पदराआड हसायची. माझ्या रागाचा पार तमाशा करून टाकला ह्यांनी.

तेलगावला आई अंथरुणाला खिळली. मी जायला निघाले तर हे म्हणाले, "ह्या आठवड्याचं चित्र होऊ दे. तू गेल्यावर मी काय काढू?"

"माझी आई मरायला टेकली हाय, अन् तुमाला चित्राचं पडलंय?"

इतकी मी आयुष्यात कधी भांडले नव्हते, तरी ह्यांनी मला जाऊ दिलं नाही. त्या आठवड्याला चौकटीतली बाई बोचकं घेऊन माहेरी निघाली. आई मरायला टेकल्याचं तेवढं वाक्य गाळलं होतं.

दोन दिवसांनी आई गेल्याचा सांगावा आला. मी निघाले तर गाडीवान दात काढून म्हणाला, "वैनी, खरंच भांडून निघालात व्हय?"

मी म्हटलं, "आई गेली माझी." त्याला तोही विनोदच वाटला. वाटभर तो मागं वळून माझ्या तोंडाकडं बघत होता.

तेरावा उरकून परतले, ती मुकाट कामाला लागले. संध्याकाळी हे चुलीपाशी येऊन बसले. "बोल की काही तरी," म्हणाले. डोळे ओले होते त्यांचे. पण असं माझा नवरा म्हणतोय की चित्रकार, ते मला कळेना. म्हणून मी बोलले नाही, आणि पुढंही मनातलं कधी बोलले नाही.

त्यानंतरची बाई ह्यांनी मनानंच रचली. लोकांना ती जास्त आवडली.